किरकोळ कटकटींचाही हिशेब ठेवू या

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत झालेले हे भाषण. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे.)



सकाळपासून आपण मोठे विषय ऐकले. परतफेड किती झाली, बँकेने किती गटांना कर्ज दिलं, कुणाच्या शेळ्या वाढल्या, कुणाचा मसाल्याचा धंदा चालला. मला दिलेला विषय मात्र अगदी घरगुती आहे. रोजच्या बारीकसारीक कटकटी. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. ओटीपी जातो पोराच्या फोनवर आणि पोरगा असतो पुण्यात. दुकानदार दहाचं नाणं घेत नाही. पाहुणे दारात आणि गॅस संपतो. घरात चौघं बसलेले असतात, पण ‘माझा टॉवेल कुठंय?’ हे विचारायचं फक्त आपल्यालाच.

हसलात ना? म्हणजे तुमच्याही घरी हेच चाललंय.

मी गटांची दप्तरं तपासायला गावोगाव फिरते. बैठकीत विचारलं, ‘काही अडचण?’ तर सगळ्या म्हणतात, ‘काही नाही, चाललंय आपलं.’ मग वह्या मिटतात, चहा येतो आणि खरं बोलणं सुरू होतं. कुणी सकाळी पाच वाजल्यापासून हंडे मांडून बसलेली असते. कुणी एका सहीसाठी चौथ्यांदा हेलपाटा मारून आलेली असते. सगळं सांगून झालं की शेवटी एक वाक्य ठरलेलं, ‘जाऊ द्या ताई, किरकोळ आहे.’

आज मला या ‘किरकोळ’ शब्दाबद्दलच बोलायचंय.

आपल्याकडे म्हण आहे, रोज मरे त्याला कोण रडे. एकदाच आलेल्या संकटाला सगळं गाव धावून येतं. रोज येणाऱ्या त्रासाला कुणी विचारत नाही, आपण स्वतःसुद्धा विचारत नाही. पण थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण गटात बचतीबद्दल शिकलो ना? तेच कटकटीलाही लागू आहे. तीही थेंबाथेंबानेच साचते.

जरा हिशेब करून बघू. समजा तुमच्या गावात बाईची मजुरी दिवसाला ३०० रुपये आहे. रेशनसाठी तीन हेलपाटे झाले. एकदा मशीनला रेंज नव्हती, एकदा अंगठा उमटला नाही, एकदा दुकान बंद होतं. दर खेपेला अर्धा दिवस गेला. म्हणजे दीड दिवसाची मजुरी, ४५० रुपये. गटात महिन्याला १०० रुपये बचत करणाऱ्या बाईची ही साडेचार महिन्यांची बचत झाली. आता सांगा, हे किरकोळ आहे का?

पैशाचं एक वेळ सोडा. त्या दिवशी घरी आल्यावर काय होतं? वड्याचं तेल वांग्यावर. दुकानातला राग दुकानात काढता येत नाही, म्हणून तो घरी येतो. सासू सुनेवर, सून पोरावर. पोराची पाटीसुद्धा न बघता त्याला धपाटा बसतो. ज्याच्यामुळे त्रास झाला तो निवांत जेवत असतो आणि ज्याचा काही संबंध नाही ते लेकरू रडत झोपतं. किरकोळ कटकटीचं व्याज असं घरातलं सगळ्यात लहान माणूस भरतं.

आणखी एक गोष्ट सांगते. आपल्याच भागातल्या एका गटातली ताई आहे. नाव घेत नाही. तिच्या नवऱ्याने बँकेत जीवनज्योती विमा काढलेला होता. वर्षाला ४३६ रुपये खात्यातून जातात आणि माणूस गेला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात, तोच विमा. वारस म्हणून तिचं नाव लागलेलं होतं, पण माहेरचं. आधारवर सासरचं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ‘नंतर करून घेऊ, किरकोळ आहे,’ असं म्हणत चार वर्षं गेली. आणि नवरा अचानक गेला. ती आणि लग्नाआधीची ती एकच बाई आहे, हे सिद्ध करायला तिला कितीतरी महिने लागले. प्रतिज्ञापत्र, दाखले, सह्या, पुन्हा सह्या. पैसे मिळाले, पण तोवर पेरणी येऊन गेली होती आणि पेरणीसाठी तिने सावकाराकडून पैसे उचलले होते. एका नावाची कटकट वेळेवर मिटली असती, तर ते व्याज वाचलं असतं.

म्हणून मी म्हणते, कटकटी पाखडायला शिकू या. सुपात धान्य घेतलं की आपण काय करतो? फोलपट उडवतो, खडे वेचतो, दाणे ठेवतो. तसे या कटकटींचे तीन ढीग करायचे.

पहिला ढीग कुणाच्याच हातात नसलेल्या कटकटींचा. वाळवण घातलं की नेमकं आभाळ येतं. अंगण सारवलं की त्यावरूनच कोंबड्या जातात. दूध उतू जायचं ते आपण पाठ फिरवल्यावरच. हे फोलपट आहे. बैठकीत सांगा, हसा आणि उडवून द्या. त्यावर जीव जाळून घेऊ नका.

दुसरा ढीग घरातला. चहाचा कप जिथल्या तिथे पडलेला, ओला टॉवेल गादीवर, आपण शेतातून आलो तरी ‘आज भाजी काय?’ हा प्रश्न तयार. इथे आपण दोन गोष्टी करतो. एक तर महिनाभर गप्प बसतो, नाहीतर एके दिवशी लग्नापासूनचं सगळं उकरून काढतो. दोन्हींचा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो तिसऱ्या पद्धतीचा. राग नसताना, जेवण झाल्यावर, एकच गोष्ट सांगायची. ‘मला मदत करत जा’ असं मोघम म्हणू नका. ‘संध्याकाळचं पाणी भरणं आजपासून तुझं’ असं अख्खं काम एकाच्या नावावर लावा. आणि ते पोरीच्याच नावावर नको, पोराच्याही लावा. मग तो हंडा वाकडा ठेवेल, थोडं सांडेल. सांडू द्या. त्याच्या हातून काढून घेतलंत, तर ते काम कायमचं तुमच्याकडे परत येईल. आणि सासूबाई असाल तर आणखी एक विचारा, सुनेच्या ढिगात आपण किती खडे टाकतो?

तिसरा ढीग सगळ्यात महत्त्वाचा. या कटकटी कुणाच्या तरी कामात चूक किंवा ढिलाई असल्यामुळे होतात, आणि ते काम नीट करणं त्याची जबाबदारी असते. इथे गप्प बसणं म्हणजे समजूतदारपणा नाही. चार-पाच उदाहरणं घेऊ.

रेशनचा अंगठा. आपले हात राखेने भांडी घासतात, निंदणी-खुरपणी करतात, कपड्यांचा सोडा काढतात. बोटांवरच्या रेघा झिजतात, म्हणून मशीनला त्या दिसत नाहीत. यात आपली चूक नाही. हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावून बघा. तरीही जमलं नाही, तर कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो. आधारला जोडलेल्या फोनवर ओटीपी मागवता येतो, काही ठिकाणी डोळ्याचं मशीनही असतं. फक्त अंगठा उमटला नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा केंद्र सरकारच्या सूचना आहेत. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख असते. म्हणजे तिथे तुम्ही मागायला जात नाही, घरच्या कर्त्या म्हणून जाता. मशीनमधून निघणारी पावती मागून घ्या आणि तिच्यावरचे किलो वाचा. तक्रारीसाठी १९६७ हा नंबर आहे.

कागदावरचं नाव. समजा आधारवर ‘लक्ष्मी’, पासबुकात ‘लक्ष्मीबाई’ आणि मतदार यादीत माहेरचं आडनाव. आजच घरी जाऊन सगळे कागद एका चटईवर मांडा. कोणतं नाव ठेवायचं ते ठरवा आणि बाकीचे त्याप्रमाणे करून घ्या. आधारमध्ये नाव दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रावरून उठायच्या आधी एक-एक अक्षर पोरीकडून वाचून घ्या आणि पावती जपून ठेवा. त्याच फेरीत फोन नंबरही स्वतःचा लावून घ्या. पुण्याच्या पोराला ‘आला का रे ओटीपी?’ विचारायची वेळ येणार नाही. पण ओटीपी आपल्या फोनवर यायला लागला, की तो दुसऱ्या कुणालाही सांगायचा नाही, हेही आलंच. आधारची मदत १९४७ वर मिळते.

बँकेतले पैसे. एटीएममधून पैसे बाहेर आलेच नाहीत, पण खात्यातून कापले गेले. बाई म्हणते, माझंच काहीतरी चुकलं असेल. तुमचं काही चुकलेलं नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, असे पैसे ५ दिवसांत खात्यात परत आले पाहिजेत. त्यापुढे बँकेला उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये द्यावे लागतात. चिठ्ठी फेकू नका, तारीख लिहून ठेवा आणि शाखेत लेखी द्या.

गॅस. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच, वरच्या कड्याजवळ लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज करायची आणि घरी आणून देणाऱ्याला वजन करून दाखवायला सांगायचं. तसं मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. लाजायचं कशाला? बाजारात पावशेर मिरची घेतानाही आपण काट्याकडे बघतोच की.

दहाचं नाणं. ही कटकट तर आपल्याच हातात आहे. ‘आमच्याकडे चालत नाही,’ असं दुकानदार म्हणतो आणि आपणही पुढच्या बाईकडून ते नाणं घेत नाही. दहाच्या नाण्याचे तोवर आलेले वेगवेगळे १४ प्रकार सगळे चालतात, हे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये जाहीर केलं आहे. एक रुपया आणि त्यावरची नाणी १००० रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायद्याने ग्राह्य आहेत. आपल्या गटांतल्या कितीतरी ताईंची किराणा दुकानं, पिठाच्या गिरण्या, चहाचे गाडे आहेत. आपण सगळ्यांनी आजपासून नाणी घ्यायची असं ठरवलं, तर आपल्या गावात तरी ही कटकट उरणार नाही.

आता नळाचं पाणी. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं प्रमाण धरलं आहे. पण मी आज लिटरचं बोलत नाही, वेळेचं बोलते. पाणी येणार हे नक्की असतं, कधी ते माहीत नसतं. म्हणून बाई घर सोडू शकत नाही. मजुरीची गाडी निघून जाते, पोरगी शाळेत उशिरा पोचते. आळीवार वेळ ठरवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला खडूशिवाय काय खर्च येतो? लाइट गेली आणि वेळ बदलली, तर गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप टाकला की झालं. हे आजवर झालं नाही, कारण ज्या वाट बघत बसतात त्यांनी ते कधी मागितलंच नाही.

मग मागायचं कसं? आपल्याला गटाने जे शिकवलं तसंच.

इतिवृत्ताच्या वहीचं शेवटचं पान कटकटींसाठी ठेवा. चार रकाने पाडा. तारीख, काय झालं, किती वेळ आणि पैसे गेले, आणि ते काम कुणाचं. दर बैठकीत बचत गोळा झाली की पाच मिनिटं त्याला द्या. जिला लिहिता येत नाही तिने सांगायचं, सचिवताईंनी लिहायचं. लिहिताना नावं ठेवायची नाहीत. ‘तो माणूसच तसला’ असं नाही, तर ‘अमुक तारखेला गेले, दुकान बंद होतं’ एवढंच. तीन महिन्यांनी ते पान वाचा. एकच गोष्ट दहा-बारा जणींनी सांगितलेली दिसेल. एकीने सांगितलं तर ती तक्रारखोर ठरते. बारा जणींचं तारखेनिशी लिहिलेलं असलं की तो गावाचा प्रश्न होतो.

मग एका वेळी एकच प्रश्न उचला. ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा, ठराव करा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असं आपल्या राज्याचा ग्रामपंचायत कायदा सांगतो. ती सभा फक्त सह्यांपुरती होऊ देऊ नका. रेशन दुकानासाठी दक्षता समिती असते, तिच्यात आपल्या गावातल्या कोणत्या बाया आहेत ते शोधा आणि त्यांना सोबत घ्या. दाखले आणि उतारे मिळण्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, याचा फलक कार्यालयात लावलेला असला पाहिजे. अर्ज दिला की पावती घ्यायची. दिवस उलटून गेले तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.

जाताना दोघी-तिघी मिळून जा आणि आवाज चढवू नका. समोर बसलेलाही माणूसच असतो, त्याच्याही मागे कटकटी असतात. मशीनला रेंज नसेल तर तो दुकानदाराचा दोष नाही. वरूनच धान्य उशिरा आलं असेल तर तेही समजून घ्या. पण समजून घेणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. ‘तुमची अडचण कळली. आता आमचं काम कोणत्या तारखेला होईल तेवढं लिहून द्या,’ असं म्हणायचं आणि तारीख घेऊनच उठायचं.

शेवटी एक आपल्याबद्दल. बैठक दोनला ठरते आणि आपण तीनला येतो, म्हणजे दहा जणींचा एक-एक तास जातो. बचत पोरीच्या हाती पाठवतो आणि मग ‘मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणून रुसतो. आपला प्रभागसंघही एकच माहिती तीन वेगळ्या फॉर्मवर तीनदा भरून घेतो. हेही त्या पानावर लिहा. दुसऱ्याला तारीख मागायची असेल, तर आधी आपण वेळ पाळली पाहिजे.

पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. त्या नियमित लेख्यांमध्ये आतापर्यंत फक्त पैसा लिहिला. बाईचा गेलेला वेळ कधी कुठे लिहिलाच नाही, म्हणून तो फुकटचा वाटला. घरच्यांना वाटला, कार्यालयाला वाटला आणि आपल्यालाही वाटला.

येत्या बैठकीला वहीचं शेवटचं पान उघडा, चार रकाने पाडा आणि पहिली नोंद करा. पुढच्या तिमाहीला मी दप्तर तपासायला येईन, तेव्हा बचतीच्या आधी ते पान मागणार आहे. ते कोरं दिसलं तर समजेन, एकतर तुमच्या गावात रामराज्य आलंय, नाहीतर तुम्ही अजून ‘जाऊ द्या, किरकोळ आहे’ म्हणताय.